पोथी नसलेला धर्म

प्रिय टाचणी,

तुझा खोकला गेला का? गेला असं फोनवर म्हणतेस, पण म्हणता म्हणताच खोकतेस, म्हणून पुन्हा विचारतो. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा मुरगळलेला पाय आता जमिनीला टेकतो का? घरमालकीणबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल. जिन्यातलं ते तिरळं मांजर बरंच असणार, त्याला काय धाड भरलीय! इकडे तुझ्या बाबाचा रक्तदाब होता तिथेच आहे. आईची पाठ आता दुखत नाही. आजीचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. उरलो मी. माझं शेवटी सांगतो.

तू गेल्यापासून दुपारचं जेवण झालं की तुझ्या टेबलाशी बसतो आणि संगणकावर आपला खेळ उघडतो. पहिल्यांदा तू लावून दिलास तेव्हा मला वाटलं होतं, नुसती तलवारबाजी असेल. निघाला चक्क संसार. सोयरिकी, रुसवेफुगवे, भाऊबंदकी, सगळं आपल्या दुकानात बसून ऐकतो तसंच. आपला म्हातारा राजा अजून तग धरून आहे. एकाहत्तरावं लागलंय त्याला, माझ्याहून एका वर्षाने लहान. छातीत कळ येते म्हणून वैद्य बदलला, पण नव्या वैद्याचं तोंड मला पसंत नाही.

आपलं भांडण आठवतं ना? राजाच्या लोकांचा जुना धर्म, झाडांचा, नद्यांचा, वाडवडिलांचा. पोथी नाही, नियम नाहीत, म्हाताऱ्यांच्या तोंडी चालत आलेला. शेजारचे पोथीवाले राजे टपलेले. तू म्हणायचीस, धर्माची सुधारणा करू. पाचातली तीन पवित्र ठाणी आपल्या हातात आहेत, पुण्यही पुरेसं साठलंय, बटण दाबलं की सगळं लिहून पक्कं होईल, मग शेजाऱ्यांना आपली माणसं सहज फोडता येणार नाहीत. मी म्हणायचो, चाललंय ते चालू दे. शिवण उसवायला घेतली की कापडही फाटतं. शिवाय जुन्यातल्या तीनच गोष्टी ठेवता येतात, बाकीच्या सोडायच्या, आणि जुनी खोडं त्यावरून बंड करणार. तीन कुठल्या ठेवायच्या यावर आपण दोन रविवार घालवले. तेव्हा तू एक वाक्य बोललीस ते माझ्या डोक्यात रुतून बसलंय: “आजोबा, लिहिलेलं नसलं, तर राजा गेल्यावर कोण सांगणार?” मी हसण्यावारी नेलं. मग आपला करार झाला, की त्या बटणाला एकट्याने हात लावायचा नाही. दाबायचं तर दोघांनी मिळून.

आता दुकानाचं. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, तुला ठाऊकच आहे. समोरच्या शिंप्याच्या खिडकीत बघून बघून हात बसवला. तो मापं वहीत लिहायचा, पण खिडकीतून वही दिसत नव्हती, म्हणून मी ती डोक्यातच ठेवायला लागलो. पन्नास वर्षं तसंच चाललं. बेकरीवाला दारातून आत आला की त्याची कंबर किती वाढली ते मी टेप न लावता सांगायचो, आणि तो आठवडाभर रुसायचा. गेल्या महिन्यात त्याचाच कोट शिवायला घेतला. बाह्या कापल्या, शिवल्या, अस्तर घातलं. खांद्याला लावायला गेलो, तर दोन्ही बाह्या डाव्या. शिकाऊ पोराच्या हातूनही एकदाच होतं असं. उजवी पुन्हा कापावी म्हणून माप आठवायला गेलो, तर तिथे काहीच नव्हतं. म्हणजे चुकीचा आकडा आला असं नाही गं. आकड्याची जागाच रिकामी. बेकरीवाल्याला सांगितलं, कापड कमी पडलं. तो म्हणाला, कापड तेवढंच आहे, मीच वाढलोय. मीही हसलो आणि टेप लावून नव्याने माप घेतलं. ती जादा बाही मशीनच्या खणात तळाशी दडवून ठेवलीय. आजीला दाखवायचा धीर होत नाही.

तरी एका बाहीवरून मी पत्र लिहायला बसलो नसतो. बुधवारी दुपारी खेळ उघडला, तर नकाशाचा रंग बदललेला. उत्तरेकडे दोन सरदारांनी बंड केलेलं. बघतो तर सुधारणा झालेली. तीन गोष्टी ठेवलेल्या, त्यात तुझा हट्ट होता ती पूर्वजांची पूजाही होती. आधी तुझ्या बाबावर संशय आला, पण त्याला हा खेळ उघडताही येत नाही. नव्या धर्माला नाव द्यायची एक चौकट असते, तू दाखवली होतीस. त्या चौकटीत लिहिलं होतं, टाचणी. या घरात तुला टाचणी म्हणणारा मी एकटाच. खेळ जतन झाल्याची तारीख मंगळवारची, वेळ दुपारी साडेतीनची. मंगळवारी साडेतीनला मी झोपलो होतो, अशी मी देवाशपथ साक्ष दिली असती. पुष्कळ डोकं खाजवलं. हाताला काही लागलं नाही, नुसती त्या बाहीच्या मापासारखी रिकामी जागा.

मी घाबरलोय, टाचणे. आयुष्यात सुईला भ्यालो नाही, पण आता सकाळी दुकानाची कडी काढताना वाटतं, काल काय काय केलं असेन मी? बाबाला अजून काही सांगितलेलं नाही. डॉक्टरकडे जायचं ठरवलंय, महिनाअखेरीस तू येशील तेव्हा, तुझ्याबरोबर. कालच एक वही आणली. पहिल्या पानावर बेकरीवाल्याचं माप लिहिलं, दुसऱ्यावर आजीच्या गोळ्यांच्या वेळा, तिसऱ्यावर तू जन्मलीस त्या दिवसाचं जेवढं आठवतं तेवढं सगळं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र, ते विचारतो. मंगळवारी दुपारी तू फोनवर होतीस का? आपण दोघांनी मिळून ते बटण दाबलं का? तू हो म्हणालीस, तर करार पाळला, पण तुझं सगळं बोलणं माझ्यातून पुसून गेलं. नाही म्हणालीस, तर तुला दिलेला शब्दच त्या दुपारी माझ्या ध्यानात राहिला नाही. यातलं कुठलं जास्त भीतीचं ते मला ठरवता येत नाही. माझं मन राखायला खोटं मात्र सांगू नकोस. आणि फोनही करू नकोस, फोनवरचं माझ्याकडे राहील याचा भरवसा नाही. कागदावर लिही, लवकर लिही. वहीचं चौथं पान तुझ्या पत्रासाठी कोरं ठेवलंय.

तुझाच,
आजोबा