चार पटींची दुर्बीण

१९ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या दिराला, रेनोला, आज चर्चमधल्या कॉफीच्या टेबलावर सगळ्यांदेखत बोलायची काय गरज होती! प्रार्थना संपून पाच मिनिटं झाली नसतील. म्हणे, "दादाच्या शर्टाचे दोन सोगे भिंतीवर आहेत. तिसऱ्यासाठी खिळा मी आधीच ठोकून ठेवलाय." सगळे हसले. तो दादा, म्हणजे माझा अर्विद, तोसुद्धा हसला.

शिकारीच्या कॅम्पचा हा नियम सासऱ्यांच्या वेळचा. हरणावरचा नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यावर नाव घालायचं आणि भिंतीवर ठोकायचा. असू दे, पुरुषांचे खेळ. पण तीन सोगे झाले की आपली बैठक, हरणासाठी दबा धरून बसायची जागा, दुसऱ्याला द्यायची आणि आपण चुलीपाशी बसायचं! अर्विदची बैठक ओढ्याकाठी, देवदारांच्या दाटीत. सासऱ्यांनी मरताना थोरल्याला दिलेली. इतकी वर्षं तिथून तो रिकामा आला नाही. गेल्या दोन हंगामांतच काय झालं कोण जाणे. आणि त्याच्यानंतर नंबर कुणाचा? रेनोचा! मग खिळा ठोकणारच.

शर्ट दोन्ही मी शिवलेले. चांगल्या जाड फ्लॅनेलचे. कात्री लावताना कुणाला काही वाटलं असेल?

देवा, दिराविषयी मनात असं येऊ नये. पण येतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

अर्विद म्हणतो, बंदुकीवर दुर्बीण बसवायची. वडिलांची बंदूक, नळीच्या टोकावरच्या लोखंडी माशीवर नेम धरणारी, तिला दुर्बीण! मी म्हटलं, तुझ्या वडिलांनी याच बंदुकीनं आठ माणसांचं घर पोसलं. तो म्हणाला, "वडिलांच्या वेळी उजेड जास्त होता." हे काय बोलणं झालं?

पण बैठक जायला नको. ती गेली तर तो कॅम्पवर भांडी घासत बसेल आणि घरी येऊन महिना बोलणार नाही. मी ओळखते त्याला. तेव्हा दुर्बीण घेऊ. परवडेल ती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पेनरोझच्या बंदुकांच्या दुकानातून आत्ताच आलो. अजून डोकं तापलेलं आहे.

मी विचारते ते तो माणूस अर्विदला सांगतो! मी विचारलं, ही किती पटींची? त्यानं अर्विदकडे बघून सांगितलं, "तीनपासून नऊपर्यंत, साहेब, आणि पुढची काच बघा केवढी." एकशे एकोणनव्वद डॉलर. मी म्हटलं, आमच्या देवदारांत पन्नास पावलांपलीकडे दिसत नाही. नऊ पट करून काय बघायचं, हरणाच्या पापण्या? तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मॅडम, मोठी काच उजेड गोळा करते." जसा काही उजेड म्हणजे ब्लूबेरीच, बादली घेऊन गेलं की झालं!

अर्विद मात्र ती मोठीच डोळ्याला लावून बसला होता. दाराबाहेर रोखून. कितीतरी वेळ. मी दोनदा हाक मारली तेव्हा खाली ठेवली.

साधी चार पटींची, न फिरणारी, अठ्ठेचाळीसला आहे. फिरवायचं काही नाही म्हणजे बिघडायचंही काही नाही. तीच घेतली. पेनरोझचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजही रेनो! अंगणात मला गाठून हळूच म्हणाला, "वहिनी, मोठी घे. निम्मे मी देतो." सरळ सांगितलं — आमच्या घरात भीक येत नाही. त्याचं तोंड उतरलं. उतरू दे. आधी भर मंडळीत खिळा ठोकायचा आणि मग पैसे पुढे करायचे! बैठक तर हवीच, वर उपकारही हवेत.

आज प्रवचन क्षमेवर होतं. मी खाली बघत बसले.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दुर्बीण फ्रीझरमध्ये ठेवली, मटारांशेजारी. दुपारी काढून बटाट्यांच्या वाफेवर धरली. आतून धुकं! मग कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवली, तर बाजूनं बारीक बुडबुडे. म्हणजे हवाबंद नाहीच. पहिल्या बर्फात आंधळी झाली असती.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पेनरोझ म्हणतो, "दुर्बीण कुणी पातेल्यात बुडवतं का?" मी म्हटलं, डब्यावर 'पाण्याला दाद देत नाही' असं तुम्हीच छापलंय. मी वाचलं. वाचायला शाळेत शिकले आहे. तीन गिऱ्हाईकं उभी होती, त्यातला एक म्हातारा फिसकन हसला. बदलून दिली. दुसरी घरी आणून तशीच बुडवली. एक बुडबुडा नाही. देवाचे आभार.

१ नोव्हेंबर, शनिवार

ऐकावं ते नवलच! दुर्बीण बसवायला बंदूक दुकानात नेली तर मागच्या टेबलावरचा माणूस म्हणतो, हिच्यावर बसणारच नाही. का? या जुन्या बंदुकीतून रिकामं काडतूस वरच्या अंगानं उडतं. वर दुर्बीण बसवली की काडतूस तिलाच आपटून परत आत! आठवडाभर आम्ही याच बंदुकीसाठी दुर्बीण बघतोय, नाव घेऊन सांगितलं होतं, तेव्हा पेनरोझला हे ठाऊक नव्हतं?

आणि अर्विद? जन्मभर ती रिकामी काडतुसं याच्याच टोपीवर पडली! त्याच्या तरी लक्षात यायला नको? म्हणाला, "विसरलो."

पेनरोझचा उपाय तयारच होता — नवी बंदूक घ्या. मी टेबलावरच्या माणसाला विचारलं, बाजूला बसत नाही का? बसते म्हणाला, डाव्या अंगाला लोखंडी कंस लावून. मान जरा कलती धरावी लागते. अकरा डॉलर. मग हे आधी कुणी बोललं का नाही?

घरी येताना मी बडबडत होते. अर्विद गाडी फार हळू चालवत होता. मला वाटलं, मला चिडवायला.

३ नोव्हेंबर, सोमवार

कंस बसला. बर्फ भुरभुरतंय. कॅम्पसाठी मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या भाजून ठेवल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

खडीच्या खाणीत नेम बसवायला गेलो. पन्नास पावलांवर खोक्याला कागदी थाळी डकवली. अर्विदनं पोत्यावर बंदूक टेकवून गोळ्या झाडल्या. एक थाळीच्या कडेला, एक खोक्याच्या कोपऱ्यात, दोन कुठे गेल्या देव जाणे. स्क्रू फिरवले. पुन्हा तेच. एकीचा दुसरीशी मेळ नाही.

कंस वाकडा! दुसरं काय असणार! अठ्ठेचाळीस आणि अकरा पाण्यात, हंगाम आठवड्यावर, आणि तिकडे खिळा तयार. अर्विद म्हणाला, जाऊ दे एल्मा. का जाऊ दे? सोमवारी ही थाळीच पेनरोझच्या टेबलावर आपटते.

सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवली, पण तो आत फार वेळ बसला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुकानात जायच्या आधी वाटलं, पुरावा पक्का हवा. पेनरोझ म्हणणार, साहेबांचा हात हलला असेल. म्हणून अर्विदला घेऊन पुन्हा खाणीत गेले. म्हटलं, मी झाडते. तो नको म्हणाला. मी ऐकलं नाही. लग्नाआधी वडिलांबरोबर मीही रानात जात होते. ते हात विसरत नाहीत.

मान कलती केली, काचेतली फुली थाळीच्या मधोमध धरली. तीन गोळ्या.

तीनही भोकं जवळजवळ. वर बशी ठेवली असती तर तिन्ही झाकली असती.

माझा आधी विश्वासच बसेना. मग मला भयंकर राग आला. कंस सरळ होता! दुर्बीण चांगली होती! मग कुणाला बोलू? मागे वळले. अर्विद थाळीकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता, पण जरासा बाजूला, कानाकडे बघावं तसा.

"किती लागल्या?" त्यानं विचारलं.

पन्नास पावलांवर थाळी. नवीन, पांढरीशुभ्र.

मी म्हटलं, तुला दिसत नाही?

म्हणाला, "कडेनं दिसतं. मध्ये डाग आहे. ज्यावर नेम धरावा तेच नेमकं पुसलं जातं."

केव्हापासून, तर दोन वर्षं झाली. आणि मी! उन्हाळ्यापासून संध्याकाळचं बायबलमधलं वचन तो मला वाचायला सांगतो. "तुझा आवाज गोड आहे" म्हणायचा. मी फुशारले होते.

गाडी मी चालवत आणली. मी रडले नाही. रागावलेली होते, अजून आहे. संसार माझ्याबरोबर केलास ना? शिलाईच्या दोऱ्याचे पैसेसुद्धा मी तुला विचारून खर्चते, आणि तू डोळा गेला तो सांगत नाहीस!

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोलणं नाही. जेवण वाढलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी रेनो आला. टोपी हातात. मी बसा म्हटलं नाही. तो उभ्यानंच बोलला. वसंतात दोघं भाऊ करवत बघायला म्हणून शहरात गेले होते, ते करवतीसाठी नव्हतंच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रेनोला सगळं ठाऊक होतं! दादानं शपथ घातली होती, एल्माला कळता कामा नये, ती आधी देवाशी भांडेल आणि मग माझ्याशी.

मग तो खिळा? त्यावर रेनो म्हणाला, "वहिनी, मी चिडवायचं थांबवलं असतं तर सगळ्यांना संशय आला असता."

मोठी काच का, तेही त्यालाच विचारलं. डॉक्टर म्हणाले होते, मोठं केलं आणि उजेड असला तर अजून काही दिवस दिसेल. अर्विदनं तेवढंच धरून ठेवलं होतं. आणि मी दुकानात पापण्यांचा विनोद केला.

"बैठकीचं काय?" मी विचारलं.

"यंदा रिकामी राहील. पुढंही. मी सांगितलंय सगळ्यांना. तिथं मी बसणार नाही."

मग त्यानं क्षमा मागितली, आमच्या चर्चमध्ये मागतात तशी, गळ्यात हात टाकून. असं मागितलं की समोरच्यानं शब्द उच्चारायचेच असतात — प्रभूच्या नावानं आणि रक्तानं तुझी पापं पुसली गेली. रविवारी मी ते किती जणांना म्हणते! आज तोंडातून निघेनात. स्वयंपाकघरात तो तसाच वाकून उभा, बुटांवरचं बर्फ माझ्या फरशीवर वितळतंय. शेवटी म्हटले. मग मीही मागितली. त्यानं लगेच दिली. कॉफी केली.

तो गेल्यावर अर्विद बाहेर आला. राग संपला असं नाही. पण त्याच्या ताटात मासा काटे काढून वाढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उजाडताना रानातून पहिला बार ऐकू आला. अर्विद खिडकीशी होता. म्हणाला, "डाव्यातला डागही आता वाढतोय, एल्मा." कधीपर्यंत, विचारलं नाही.

बंदुकीवरून दुर्बीण मीच उतरवली. ती हातात घेऊन तो म्हणाला, "जरा लाकडांजवळ जाऊन उभी राहा." मी ॲप्रनवरच बाहेर गेले. बर्फ घोट्यापर्यंत. खिडकीत तो, डाव्या डोळ्याला दुर्बीण. हातानं खुणावलं, थोडी डावीकडे. सरकले. मग आणखी एक खूण — डोक्यावरचा रुमाल. तोही सोडला. थंडी फार होती. त्यानं हात खाली करेपर्यंत उभी राहिले.