शंखाला माझं नाव

॥ श्रीगुरु बसवलिंगाय नमः ॥

जळकोट, ता. तुळजापूर
माघ वद्य पंचमी, १३५४ फसली

शरणबसप्पा बेंबळीकर यांस शिवगंगाचा नमस्कार. इथं सर्व खुशाल. तुमची खुशाली दुसऱ्या पत्रात वाचली, म्हणून विचारत न्हाय. तुमचं नाव सरळ घेतलं म्हणून दचकू नका. उखाणा घालून नाव घ्यायचे दिवस गेले. तुम्ही तुमच्या बायकोचं नाव दर्यातल्या गोगलगायीला दिलंत, मग मी तुमचं नाव तुम्हालाच घेतलं तर काय बिघडलं?

आठ वर्षांत तुमची दोन पत्रं आली, आणि दोन्ही एका महिन्यात. पहिल्यासोबत काडेपेटी, काडेपेटीत कापूस, कापसात तुरीच्या दाण्याएवढा शंख. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सापडला, तीन वर्षं भिंगाखाली पाहिला, जुन्या सगळ्या जातींशी ताडला, आणि आजवर कुणी न लिहिलेली जात निघाली, तिला तुझं नाव दिलं, असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या पत्रात लिहिलंत की काडेपेट्यांची अदलाबदल झाली. मला द्यायचा शंख तुमच्याकडंच राहिला आणि ज्याच्यावरून वर्णन केलं तो मूळ शंख इकडं आला. तो संग्रहालयात जमा झाल्याबगर साहेब लोक नवी जात मानणार न्हाईत, तरी ताबडतोब परत पाठव. बायकोच्या आणि संग्रहालयाच्या डब्यात तुमचा घोटाळा झाला, याचं मला नवल वाटलं न्हाय.

पहिलं पत्र आलं त्या दिवशी काय झालं ते ऐका. अप्पा गल्ल्यावर होते. जावयाचं पत्र म्हटल्यावर त्यांनी ते दुकानातच मोठ्यानं वाचलं, गिऱ्हाइकांनीसुद्धा ऐकलं. मी आत डाळ निवडत होते. खोटं कशाला सांगू, माझं नाव ऐकून माझे हात थांबले. माणूस बदलला असंल, असं घटकाभर वाटलं. त्या घटकेचा मला अजून राग येतो.

कारण त्याच हप्त्यात माझ्यासाठी मठात पंच बसायचे होते. माझा भाऊ कल्याणप्पा दादरला तुमचं बिऱ्हाड बघून आलाय, तिथली बाई आणि दोन लेकरंही बघून आलाय, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. नवरा नांदवत न्हाय, खबर घेत न्हाय, तर बाई मोकळी, असं महांतप्पा पंचांनी बोलूनही दाखवलं होतं. वाशीचे गुंडाप्पा कापडवाले माझ्याशी उडकीचं, म्हणजे दुसरेपणाचं, लग्न लावायला तयार आहेत. त्यांची बायको वारली, मी एकतीस वर्षांची, दोघांनाही पुन्हा घर मांडायचं आहे. आणि ऐन वेळी तुमचं कौतुक येऊन थडकलं. महांतप्पांनी मान हलवली. म्हणाले, "पोरी, आम्ही आमच्या बायकांची नावं म्हशीला सुद्धा दिली न्हाईत. हा गडी छापून तुझं नाव करतोय. यानं तुला टाकलं असं कसं म्हणायचं? आता त्याच्या हातची फारकत आण, मग बघू."

गप बसला होतात तोवर मी सुटत होते. बोललात आणि अडकवलंत.

शंखाचं वर्णन तुम्ही मराठीत उतरवून पाठवलंय, ते नीट वाचलं. कवच जाड, रंग मातकट, वेटोळी पाच, शेवटच्या वेटोळ्यावर तपकिरी पट्टा. जिभेवर दात, आणि त्या दातांच्या ओळी इतर जातींपेक्षा निराळ्या, त्यावरूनच जात नवी असल्याचं ओळखलं. जिभेवर दात दिसले तेव्हाच माझं नाव सुचलं असणार. ओहोटी लागली की हा आतून झाकण लावतो आणि पाणी परत येईपर्यंत खडकाला चिकटून राहतो, हे तुम्ही लई प्रेमानं लिहिलंत. अहो, त्याचं पाणी रोज परत येतं. म्हणून त्याला चिकटून राहणं परवडतं.

तीन वर्षं गोगलगाय बघितलीत. मी तुमच्या बेंबळीच्या घरात चार वर्षं होते. आठवून सांगा बरं, मी उंच का ठेंगणी? माझे डोळे कसले? तुम्हाला सांगता यायचं न्हाय. बेंबळीचं काही उकरून काढायचं न्हाय असं ठरवूनच मी लिहायला बसले. त्या पातेल्याचा विषय तर काढतच न्हाय.

आता व्यवहाराचं. तुमचा शंख शाबूत आहे. फारकत लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन पाठवा. ती पंचांनी पाहिली की शंख त्याच कापसात घालून रवाना करीन. शिमग्यापर्यंत आली न्हाय, तर दुकानात मिरी कुटायचा खलबत्ता आहे. मग फिरा पुन्हा किनाऱ्यावर वाकून. अप्पांना मधे घालू नका, तुमचं पत्र ते आता हातात धरत न्हाईत.

फारकतीत बाईची ओळख लिहावी लागते, त्याबगर पंच कागद मानत न्हाईत. तुमच्या साहेब लोकांसारखंच त्यांचं. तुम्हाला जमायचं न्हाय म्हणून मीच लिहून देते, तेवढं उतरवून काढा.

शिवगंगा, शिवलिंगप्पा वाणी यांची लेक, राहणार जळकोट. बांधा ठेंगणा, वर्ण सावळा, डोळे घारे. उजव्या भुवईवर बोटाच्या पेराएवढा आडवा व्रण. लिंगपूजा होते त्या घरात, स्वयंपाकाच्या पातेल्यात नवऱ्यानं ओढ्यातल्या गोगलगायी उकळल्या. त्या तिनं उकिरड्यावर ओतल्या, तेव्हा त्यानं तेच पातेलं फेकून मारलं. व्रण त्याचा आहे.

शेवटचं वाक्य गाळू नका. वर्णनात बारीकशी खूणही सुटता कामा नये, असं तुम्हीच लिहिलंय.

कळावे. लोभ होता, तो पातेल्याबरोबर गेला.

शिवलिंगप्पाची लेक
शिवगंगा