‘मेटाफिजिक्स’ची नोंद

३ मार्च
कोश बाजारात जाऊन आठवडा झाला नाही, तोच वाचकाचं पत्र! ‘मेटाफिजिक्स’ची व्युत्पत्ती चुकली म्हणे. मी ठोकून दिलं होतं — ‘सृष्टीच्या पलीकडचं ते’. खरं तर कोणा जुन्या ग्रीकाने एका तत्त्वज्ञाचे ग्रंथ ओळीने लावले, निसर्गावरच्या ग्रंथांनंतर हे ठेवले, म्हणून हे ‘नंतरचे’. एवढंच!
साहेबांनी विचारलं, “शेवटचं प्रूफ कोणी वाचलं?”
म्हटलं, “नानांनी.” खोटं नाही. पण खरंही नाही.

४ मार्च
प्रूफं तपासणाऱ्या नानांची खुर्ची रिकामी. तीस वर्षांत पहिल्यांदा. साहेब म्हणाले, “पुढच्या खंडाला मी नको, म्हणाले, स्वतःच.”
लिहूनच टाकतो. प्रूफावर नानांनी पेन्सिलीने शंका काढली होती — ‘पलीकडे की नंतर? पाहावे.’ आमच्याकडे नियम आहे : शंकेला शाईने उत्तर दिल्याशिवाय पान पुढे जात नाही. ग्रंथालय दोन जिने वर. मला कंटाळा आला. रबर घेतलं, शंका खोडली, सही ठोकली! वर सगळ्यांदेखत म्हणालो, “काय नाना, ग्रीक कधीपासून यायला लागलं?” ते हसले. बाकीचे जास्तच हसले.
ते हसू आता कानातून जात नाही.

९ मार्च
ताई म्हणते, “ताटात चिवडतोस काय नुसता?” पित्त झालंय म्हटलं. तिला कळलं तर काय म्हणेल? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

१५ मार्च
नानांच्या घरापर्यंत गेलो. ते गॅलरीत चष्मा पुसत उभे. मान वळवणार एवढ्यात मी पानवाल्याच्या आडोशाला! पस्तिशीचा घोडा मी, आणि लपतोय. स्वतःची किळस आली.

१९ मार्च
आजही नाही.

२२ मार्च
सांगितलं. साहेबांच्या दारात उभ्या उभ्याच — रबर, सही, सगळं. म्हटलं, काढायचं तर मला काढा, नानांना बोलवा.
साहेबांनी पेन खाली ठेवलं. “पत्र आलं त्याच संध्याकाळी नाना येऊन गेले. खोडल्याचं त्यांना माहीत होतं. म्हणाले, त्याला काही विचारू नका, आपणहून येईल सांगायला. मी समोर असलो तर जड जाईल त्याला, तोवर घरी बसतो.”
साहेबांनी पेन पुन्हा उचललं.
“मी म्हटलं, आठवडा तरी लागेल. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले — छे हो, उद्याच येईल!”