अर्जावर मी ‘शेजारी’ लिहिलं

प्रिय आई,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलायचंही मी टाळत आलो. पण रविवारी रोह्याजवळ वरसेला मंगलला भेटून आलो, आणि आता तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जाताना तू तिचा हात माझ्या हातात दिलास. "पोरीला अंतर देऊ नको रं," म्हणालीस. मी "व्हय" म्हणालो. तेव्हा ती तेरा वर्षांची. एक पाय ओढत चालणारी, समज लहान मुलाएवढी. मिठागरावर जातानाही तू तिला सोबत न्यायचीस, बांधावर बसवायचीस. दमले असं कधी म्हणालीस का गं?

मी चार महिन्यांत दमलो. डोलवीला कंपनीत शिफ्ट, घरी नवी बायको. सुनंदाला दोष देऊ नकोस, ती मंगलची वेणी घालायची. लाज मला वाटायची. मित्र आले की मी मंगलला मागच्या पडवीत बसवायचो.

मग कुणीतरी वरसेच्या घराचं सांगितलं. आश्रम नाही, वस्तीतलं साधं भाड्याचं घर. सहा अपंग मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या दोघी बायका. मुलं रोह्याला शाळेत जातात, बाजारात जातात. पण जागा फक्त अनाथांना. भाऊ आहे म्हटलं असतं तर "तूच का सांभाळत नाहीस?" असं विचारलं असतं. म्हणून अर्जावर माझ्या नावापुढं मी ‘शेजारी’ लिहिलं. आपल्या गावात निम्मे म्हात्रे, आडनावावरून कुणाला शंका आली नाही.

पेणहून एसटीत बसल्यावर मंगलला बजावलं, "तिथं मला दादूस म्हणायचं नाय."

"मग काय म्हणू?"

"शेजारचा म्हण."

वाटलं, विसरेल. तीन वर्षं झाली, नाही विसरली.

रविवारी गेलो तर ती ओट्यापाशी भाकरी थापत होती. तू तिला कधी चुलीजवळ जाऊ दिलं नव्हतंस! नव्यानं आलेल्या एका आंधळ्या मुलीनं विचारलं, "कोण आलंय?"

"शेजारचे हायेत," मंगल म्हणाली. "मला भाऊ नाय ना, म्हणून येतात."

मी तिच्या हातची भाकरी खाल्ली.

निघताना त्या दोघींतल्या शैलाताईंना खरं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "पहिल्याच आठवड्यात तापात ती दादूस, दादूस करत होती. बरी झाल्यावर विचारलं, तर रडत म्हणाली, कुणाला सांगू नका, तो रागावेल."

मला मान वर करवेना.

"आता घेऊन जाणार तिला?" त्यांनी विचारलं. आई, तेव्हाही माझ्या तोंडून पटकन हो निघालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी खरं काय ते लिहून द्या. मग तिला विचारा. तिला कळतं."

तिला कळतं, हे मी कधी मानलंच नव्हतं.

येत्या सोमवारी रजा टाकलीय. सुनंदालाही नेतोय. लिहून देईन, काय बोलतील ते ऐकून घेईन. मग मंगलला विचारेन, घरी येतेस का. नाही म्हणाली तर तिच्यावर जबरदस्ती करणार नाही. पण यापुढं त्या घरात जाईन तो तिचा सख्खा भाऊ म्हणून, आणि हे सगळ्या मुलांसमोर मी स्वतः सांगेन.

तुझा,
प्रभाकर