बटण वेळेवरच दाबलं होतं

प्रिय दादा,

तब्येत कशी आहे वगैरे विचारत नाही. तुझी खुशाली आईकडून रोज कळते, आणि तिने तुझी केलेली वकिलीही ऐकावी लागते.

आपण इंटरप्रिटर लिहायला घेतला तेव्हा माझ्या खोलीत दोघांना मिळून एकच टेबल होतं. कारखान्यांतल्या मशीनसाठी आपण बनवलेल्या भाषेतला प्रोग्राम वाचत वाचत चालवायचा, एवढंच त्याचं काम. पण बिचारा पावलोपावली थबकून बघायचा, बाहेरून थांबायचा सिग्नल आलाय का म्हणून. मी म्हटलं, अरे, इतक्यांदा कशाला? सिग्नल आला की खूण करून ठेवू, आणि त्याच सूचना फिरून फिरून चालवणाऱ्या लूपच्या दर फेरीला एकदाच ती बघू. वेग असा वाढला की तू मला खुर्चीसकट गरगर फिरवलंस. बदलावर नाव माझं घातलंस. कल्पना ज्याची, नाव त्याचं, हा आपला नियमच होता. किती हुरळून गेले होते रे मी!

मग तुला आणखी वेग हवा झाला. छोट्या लूपमधून तू ती तपासणीच काढून टाकलीस. अशाने मशीन थांबणार कसं, म्हणून मी कंठशोष केला. तू म्हणालास, घाबरट कुठली! बाबांच्या ऑपरेशनसाठी मी रजेवर गेले आणि तू बदल गुपचूप कारखान्यांकडे पाठवलास, तोही माझ्या नावावर. मूळ कल्पना माझी ना!

आपला इंटरप्रिटर वापरणाऱ्या एका कापड कापायच्या कारखान्यात पातं पुढे सरकवणारा लूप नेमका तसाच छोटा होता. कारागिराची बाही अडकली, त्याने थांबायचं बटण दाबलं, खूण झालीसुद्धा. पण बघणार कोण? त्याची दोन बोटं गेली.

आता आई म्हणते, अपघाताच्या चौकशीत तू गप्प बस, तुला दुसरी नोकरी मिळेल, दादाला संसार आहे. म्हणजे मला काय आयुष्यच नाही? लहानपणापासून तुझं खापर माझ्याच डोक्यावर फुटतंय. संताप येतो मला, दादा.

तरी गप्प बसलेही असते. पण काल त्या कारागिराला भेटायला गेले. हाताला हे एवढं बँडेज, आणि तो मलाच विचारतोय, ताई, बटण दाबायला मला उशीर झाला का हो? मालक त्याला तेच सांगतोय, आणि त्याला ते पटलंयसुद्धा. मी त्याला खरं सांगितलं, तुझ्या नावासकट. उद्या चौकशीतही तेच सांगणार आहे. तुला परक्याकडून कळू नये म्हणून हे लिहिलं. आईला मात्र तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही.

तुझीच,
धाकटी