बारा बिल्ले

सोमवार, ६
पोचलो. दीपगृहाच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर आहे. पूर्वी रखवालदाराचं कुटुंब राहायचं, आता पर्यटकांना देतात. पांढऱ्या भिंती, हिरवी दारं, कुरकुरणारा पलंग. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर का होईना, समुद्र दाखवला म्हणून बायकोने माझे जाहीर आभार मानले. उद्या वर जायचं. एकशे चाळीस पायऱ्या. हिचा डावा गुडघाही कुरकुरतो. पलंगाशी माझं छान जमेल, म्हणाली.

मंगळवार, ७
दाराच्या आत एक फळी आहे. बारा खिळे, बारा पितळी बिल्ले. वर जाताना एक घ्यायचा, उतरल्यावर ज्याचा त्याने टांगायचा. फळी भरली की रखवालदार दार लावतो. म्हातारा माणूस. वर कोण राहिलं ते बघायला आता पाय चढत नाहीत, म्हणाला. हिने मला कोपराने ढोसलं: कॉलेजात मित्रांची हजेरी लावायचास, तसं इथे करू नकोस.

वर वारा फार. हिने पिवळा स्कार्फ डोक्याला गुंडाळला आणि कॅमेरा काढला. आणखी एक, आता शेवटचा, असं चाललं होतं. मला तहान लागली. उतरलो. हिची पिशवी माझ्याच खांद्यावर होती, बिल्ला पिशवीत. येईलच मागून म्हणून दोन्ही टांगले.

नळावर पाणी पिऊन वळलो तर ही शेजारी उभी. उतरताना ही आडवी होते, एकेक पायरी घेते. इतक्यात कशी आली, विचारलं. नुसती हसली. रखवालदाराने दार लावलं आणि मुलीकडे गेला. शुक्रवारी उघडणार.

बुधवार, ८
घराच्या पायऱ्या ती धावत चढली. गुडघा? कुठला गुडघा, म्हणाली. समुद्राच्या हवेचा गुण असेल. स्कार्फ कुठे टाकलास, विचारलं. तिला स्कार्फच आठवेना.

दुपारी सहज वर पाहिलं. कठड्याशी काहीतरी पिवळं. वाऱ्याने उडत नव्हतं. कुणीतरी हलवत होतं.

गुरुवार, ९
सकाळी पुन्हा. कठडा धरून उभी. सगळा भार उजव्या पायावर. हाका मारल्या. लाटांपुढे काही ऐकू जात नाही.

मागून तिने खांद्यावर हात ठेवला. वर कुणी नाही, म्हणाली. फळी भरलेली आहे ना.

रखवालदाराला फोन केला. दोन्ही बिल्ले मीच टांगल्याचं सांगितलं. त्याने विचारलं, बाई पाणी पितात का? मंगळवारपासून पिताना पाहिलेलं नाही. म्हणाला, बिल्ला टांगला की फळीच्या लेखी माणूस उतरलं. मग कुणीतरी उतरतंच. किल्ली मीटरच्या पेटीमागे आहे. त्यांचा बिल्ला त्यांच्या हातात द्या. स्वतःचा घेतल्याशिवाय चढू नका.

गुरुवार, वर
ही जिवंत आहे. ओठ फुटलेत. बाटलीभर पाणी एका दमात प्यायली. तिचा बिल्ला काढल्यावर मागे वळून पाहिलं, तर अंगणात कुणी नव्हतं.

दार लागलंच कसं, विचारत होती. म्हातारा विसरला, म्हणालो. खरं सांगायची लाज वाटली.

इथे आता क्षणभरही थांबायचं नाही म्हणत पिशवी घेऊन ही पुढे गेली. मी दोन मिनिटं बसलोय. सगळ्या पायऱ्या धावत चढलोय. तिची पावलं ऐकू येतात. एक पायरी, थांबते, एक पायरी—

पावलं थांबली. पोचली असेल.

खिळ्यावर पितळ वाजलं.

पुन्हा वाजलं. दोनदा का—

माझा बिल्ला पिशवीत. फोन पिशवीत. मी येईनच मागून म्हणून हिने—

खाली दार लागलं. कुलूप.

ही अंगणात. लंगडतेय. कोपर धरून कुणीतरी चालवतंय. शर्ट माझा. हा, आत्ता अंगात आहे तो—

ओरडतोय. बघत नाही. त्याला काहीतरी सांगून हसली.

स्कार्फ इथेच पडलाय. हलवतो. तिने एकदा जरी वर

तो वर बघतो