मत्स्यालयातलं आमचं घर

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळ.

आज पुन्हा माझं कागदावरचं प्राणिसंग्रहालय काढत बसले. समुद्राची टाकी पूर्ण झाली: शार्क, कासवं, प्रवाळ. समुद्र मी पाहिलाय कुठे? पण जमला झकास! वैनगंगेच्या टाकीत मात्र दुकानातल्या माशांच्या काचपेटीत असतो तसा किल्ला ठेवला. बाबा जाळं विणता विणता वाकले.

"हा किल्ला कायले?"

"मासे लपतात त्यात."

"गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात किल्ला कुठून आला? आपलं घर काढ ना. धरणात गेलंच आहे, मासे तिथंच राहत असतीन."

मी हसले. किल्ला खोडला. बाबा सांगत सुटले, ओसरी इकडे, चूल तिकडे. चुलीत मरळ बसवायला लावली, तिला म्हणे अशीच बिळं आवडतात. दार बंद काढलं तर रागावले. घर सोडून निघताना त्यांनी ते उघडंच ठेवलं होतं. हे मला आजच कळलं.

दार खोडून उघडं केलं, दोन रोहू आत जाताना काढले. बाबा किती वेळ बघत राहिले. मग ओरडले, "अवो, ये लवकर! आपल्या घरी पाहुणे आले!"

आई हात पुसत धावत आली. चित्रभर नजर फिरवली अन् कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्या चुलीत मरळ कोनं बसवली?"